पूर्वरंगावाचून आख्यान : मद्रासच्या पडद्यावरील देव आणि भक्त

भक्तिसाहित्याच्या अभ्यासकाने १९३५ हे वर्ष एकदा तरी स्वतंत्रपणे डोळ्यांपुढे आणावे. त्या वर्षी 'प्रभात'चा 'धर्मात्मा' हा एकनाथांच्या चरित्रावरील बोलपट आला. स्त्रीभूमिकांनी ज्यांनी महाराष्ट्राची रंगभूमी गाजविली ते बालगंधर्व त्यात नाथांच्या वेषात उभे राहिले. त्याच वर्षी तमिळ प्रेक्षकांपुढे 'नंदनार' आला. त्यात के. बी. सुंदरांबाळ या गायिकेने पुरुष संताची भूमिका केली, आणि त्यासाठी तिला मिळालेल्या एक लाख रुपयांच्या मानधनाची कथा तमिळ चित्रपटाच्या इतिहासात अजून सांगितली जाते. स्त्रीवेष प्रसिद्ध असलेला नट संत होतो आणि एक स्त्री संताचा पुरुषवेष घेते, हा योगायोग मनोरंजक खरा. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की दोन्ही बोलपटांचा विषय एकच होता. तो म्हणजे अस्पृश्यता आणि देवाचा दरवाजा. आणि त्याच वर्षी, १३ ऑक्टोबरला, येवले येथे डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले.

हे तीन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे प्रस्तुत लेखाचा प्रश्न आपोआप उभा राहतो. संतचरित्र पडद्यावर येते तेव्हा त्यातील ईश्वरविचाराचे काय होते? हा प्रश्न आपण साहित्याच्या अभ्यासकांनी बहुतांशी टाळला आहे. चित्रपट हा करमणुकीचा धंदा, त्यात तत्त्वचिंतन कोठून असणार, या समजुतीने आपण पोथीपाशी थांबलो. परंतु विसाव्या शतकातील सामान्य माणसाला नंदन भेटला तो शेक्किळारांच्या 'पेरिय पुराणा'त नव्हे आणि तुकोबा भेटले ते महीपतीच्या 'भक्तविजया'त नव्हे. दोघेही त्याला मोठ्या प्रमाणावर भेटले ते चित्रपटगृहाच्या अंधारात. ज्या ग्रंथाचे वाचक सर्वांत अधिक, त्याच ग्रंथावर भाष्य नसावे ही आपल्या अभ्यासातील उणीव आहे.

मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, हे या अभ्यासाचे स्वाभाविक स्थान आहे. आणि मराठी अभ्यासकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावरास मराठ्यांची सत्ता होती. त्या काळात मराठी कीर्तनकार कावेरीकाठी आले, राहिले, आणि त्यांच्या कीर्तनातून तमिळ देशात जी हरिकथा घडली तिला तंजावूर कृष्ण भागवतरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रौढ रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी छंदांची नावे तमिळ हरिकथेत तशीच राहिली. पुढे बोलपट आला तेव्हा त्याच्या मुहूर्तकाळी हीच हरिकथा आणि संगीत नाटक यांचे भांडार त्याच्यासाठी उघडे होते. मुसिरी सुब्रमण्य अय्यरांसारख्या कर्नाटक संगीतातील थोर गायकाने १९३८ मध्ये तमिळ 'तुक्काराम'मध्ये तुकोबांची भूमिका केली. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओने १९४८ मध्ये 'चक्रधारी' काढला. तो आपल्या गोरा कुंभाराचा, आणि त्यात चित्तूर नागय्या गोरोबा झाले होते. १९५७ च्या तेलुगू 'पांडुरंग माहात्म्यम्'मध्ये एन. टी. रामाराव पुंडलिक होते, तर १९७३ च्या तेलुगू 'भक्त तुकाराम'मध्ये अक्किनेनी नागेश्वरराव तुकोबा होते. पंढरीच्या संतांनी दक्षिणेत जी दुसरी वारी केली ती कोडंबाक्कम आणि वडपळणीच्या स्टुडिओंतून.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात हे मराठी वाचकास सांगावयास नको. पूर्वरंगात निरूपण असते. एखादा अभंग घेऊन त्यातील सिद्धान्त मांडावयाचा, शंका काढावयाच्या, प्रमाणे द्यावयाची. उत्तररंगात आख्यान असते. त्या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून भक्ताची कथा रंगवावयाची. श्रोत्याचे मन कथेत रमते, परंतु ते रमण्यापूर्वी त्याच्या बुद्धीस काम पडलेले असते. माझे म्हणणे असे की हरिकथा पडद्यावर गेली तेव्हा आख्यान तेवढे गेले, पूर्वरंग मागे राहिला. चमत्काराला मागे उभा असलेला सिद्धान्त नाहीसा झाला आणि चमत्कार हाच सिद्धान्त होऊन बसला.

नंदनाचे उदाहरण घेऊ. शेक्किळारांनी बाराव्या शतकात जे त्रेसष्ट शिवभक्त गायिले त्यांत हा एक. आदनूरचा, अस्पृश्य मानलेल्या जातीतील. देवळातील वाद्यांना लागणारी कातडी आणि तारा पुरविणारा. चिदंबरला जाण्याची त्याला ओढ, परंतु आपण कोण हे आठवून तो रोज 'उद्या जाईन' म्हणे. म्हणून त्याचे नाव तिरुनाळैप्पोवार, उद्या जाणारा, असे पडले. तिरुप्पुंकूरला तो बाहेर उभा राहिला तेव्हा आतला नंदी दृष्टीआड येत होता; शिवाने नंदीस बाजूस सरावयास लावले. अखेर चिदंबरला शिवाने त्याला आणि दीक्षितांना स्वप्न दिले, अग्नी पेटविला गेला, नंदन त्यात शिरला आणि यज्ञोपवीत धारण केलेला मुनी होऊन बाहेर आला. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतींनी 'नंदनार चरित्रम' रचले तेव्हा त्यांनी शेक्किळारांत नसलेले एक पात्र आणले : नंदनाचा ब्राह्मण जमीनदार. चिदंबरला जाण्याची परवानगी हवी असेल तर एका रात्रीत चाळीस वेली जमिनीची कापणी कर, असे तो सांगतो. नंदन देवाचा धावा करतो, आणि सकाळी कापणी झालेली असते. जमीनदार थक्क होऊन त्याच्या पाया पडतो. १९३५ चा बोलपट, आणि त्यापेक्षाही गाजलेला जेमिनीचा १९४२ चा, ज्यात एम. एम. दंडपाणि देशिकर नंदन झाले, हे दोन्ही भारतींच्याच परंपरेत आहेत.

या पात्राने कथेत काय केले ते नीट पाहिले पाहिजे. शेक्किळारांच्या कथेत नंदन आणि देव यांच्यामध्ये केवळ एक भिंत होती. भारतींनी तेथे मालक आणला, म्हणजे शेत आणले, वेठ आणली. ही फार मोठी कवीची दृष्टी होती. परंतु प्रश्न जितक्या धीटपणे विचारला तितक्या धीटपणे उत्तर आले नाही. देवाने रात्रभर वेठ केली; वेठ बंद मात्र केली नाही. दुसऱ्या दिवशी नंदन चिदंबरला गेला, पाड्यातील इतर माणसे शेतावर गेली. ग्रंथात हे वाचताना वाचक थांबू शकतो, उलटा प्रश्न विचारू शकतो. पडद्यावर पिकाच्या राशी डोळ्यांदेखत उभ्या राहतात, संगीत वाढते, जमीनदार दंडवत घालतो, आणि प्रेक्षकाचा कंठ दाटून येतो. दाटलेल्या कंठातून प्रश्न निघत नाही.

हीच शंका महाराष्ट्रातील एका अभ्यासकाने त्या वेळीच घेतली होती, आणि तो अभ्यासक दुसरा कोणी नसून डॉ. आंबेडकर होत. जातिसंस्थेच्या उच्छेदावरील त्यांच्या प्रसिद्ध भाषणावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका केली. तिला दिलेल्या उत्तरात आंबेडकरांनी 'धर्मात्मा' या बोलपटाचा नाव घेऊन उल्लेख केला आहे. अस्पृश्यांना स्पर्श करण्याचे आणि त्यांच्यासह जेवण्याचे धैर्य दाखविणारा नायक म्हणून एकनाथ आज पडद्यावर मिरवत आहेत, परंतु नाथांचा जातीला विरोध नव्हता. स्पर्शाचा विटाळ गंगास्नानाने धुतला जातो अशी त्यांची धारणा होती, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यापुढे त्यांनी अधिक मूलभूत मुद्दा मांडला : संतांनी मनुष्य देवापुढे समान आहेत असे सांगितले, मनुष्य मनुष्यापुढे समान आहे असे सांगितले नाही. हे मत सर्वस्वी मान्य करावे असे नाही. नाथांच्या भारुडांतील महाराच्या तोंडची वाणी वाचणाऱ्यास त्यावर पुष्कळ बोलता येईल. तथापि चित्रपटाच्या ईश्वरविचारावर भारतात झालेली ही आरंभीची गंभीर टीका आहे, आणि ती कोणा चित्रपटसमीक्षकाने नव्हे तर एका समाजचिंतकाने केली, ही गोष्ट आपण लक्षात घेतलेली नाही. त्याच आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळ शोधाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. संतांविषयीचा आदर आणि संतपटाविषयीचा संशय ही एकाच मनात राहू शकतात. किंबहुना ती तशीच राहावयास हवीत.

येथे एक आक्षेप येईल. संतपट म्हणजे केवळ चमत्कार असे म्हणणे 'संत तुकाराम'वर अन्याय करणारे नाही काय? दामले आणि फत्तेलाल यांचा हा १९३६ चा बोलपट, १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात ज्याचा गौरव झाला, तो मला या साऱ्या प्रकारातील श्रेष्ठ कृती वाटतो. परंतु त्याचे श्रेष्ठत्व विमानात नाही, जिजाईत आहे. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा आकाशाकडे पाहतो, गौरींची जिजाई चुलीकडे पाहते. लेकरू आजारी पडले तेव्हा ती पायताण घेऊन देवाच्या अंगावर धावून जाते. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर जिजाई हा या बोलपटातील पूर्वपक्ष आहे. घरात दाणा नाही, मग तुझा विठोबा कोणाच्या कामाचा, हा तिचा प्रश्न आहे आणि चित्रपटाने तो हसण्यावारी नेलेला नाही. अखेरीस तुकोबांना वैकुंठाचे विमान येते आणि जिजाई भूमीवर राहते. प्रश्न विचारणारे माणूस मागे राहिले हे तेथे दिसते, आणि दिसते म्हणूनच तो चित्रपट भाबडा होत नाही. याच बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले बीजाविषयीचे पद पुढे अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटले. चित्रपट संतवाङ्मयावर नुसता आधारत नाही, त्यात भर घालतो. पाठचिकित्सकांनी या घटनेकडे गमतीची गोष्ट म्हणून पाहू नये.

मद्रासला मात्र पूर्वरंग वेगळ्याच दाराने परत आला, आणि तो आला नास्तिकांच्या हातून. अण्णादुराईंच्या कथेवरील 'वेलैक्कारी' १९४९ चा. त्यातील नायक अन्यायाने पोळून काळीच्या देवळात जातो आणि देवीलाच जाब विचारतो. १९५२ च्या 'पराशक्ती'चे संवाद करुणानिधींचे. त्यात देवळाचा पुजारी निराधार स्त्रीवर हात टाकतो, आणि पुढे न्यायालयात नायक गुणशेखरन् लांबलचक भाषण करतो. देऊळ नको म्हणून मी तेथे दंगा केला नाही, ते दुष्टांचे आश्रयस्थान होऊ नये म्हणून केला, असा त्याचा आशय आहे. प्रदर्शनानंतर या चित्रपटावर बंदी घालावी अशी मागणी झाली. परंतु शांतपणे ऐकले तर हे भाषण म्हणजे काय आहे? दांभिक बुवा, टिळेमाळा, देवाच्या नावावर पोट जाळणारे लोक यांच्याविषयी तुकोबांनी जे म्हटले त्याचाच वकिली पोशाखातील अवतार आहे. ते निरूपण आहे. त्यात प्रमाणे आहेत, शंका आहेत, प्रतिपक्ष आहे. फक्त त्यामागे येणारे आख्यान नाही. देव रिकामा दगड म्हणून राहतो. द्रविड चळवळीने मानवाचे कुळ एक आणि देवही एक या अर्थाचे जे सूत्र पत्करले ते शैव सिद्ध तिरुमूलरांचे होते, ही गोष्ट येथे आठवावी. अगदी अलीकडे, २००३ मध्ये, कमल हासनच्या 'अन्बे शिवम' या चित्रपटाचे नावही त्याच तिरुमूलरांच्या वचनावरून आले आहे : प्रेम हेच शिव. नास्तिकाला आपले म्हणणे सांगण्यासाठी सिद्धाचे शब्द घ्यावे लागतात, यात भक्तीचा पराभव नाही.

'पराशक्ती'चा नायक शिवाजी गणेशन् होता, आणि हा नट या साऱ्या वादाचे चालतेबोलते प्रतीकच म्हणावा लागेल. मूळचा तो व्ही. सी. गणेशन्. अण्णादुराईंनी शिवछत्रपतींवर नाटक लिहिले. शूद्र ठरविल्या गेलेल्या राजाला राज्याभिषेक कोणी आणि कोणत्या अधिकाराने करावयाचा, हा गागाभट्टांच्या प्रसंगातील प्रश्न त्यात होता. गणेशन्‌ने त्यात महाराजांची भूमिका अशी केली की पेरियारांनी त्याला 'शिवाजी' हेच नाव दिले. म्हणजे नास्तिक चळवळीने त्याचे नामकरण केले, आणि ते मराठी राजाच्या नावाने. त्याने १९५२ मध्ये देवळाच्या पुजाऱ्याला जाब विचारला. १९६५ मध्ये ए. पी. नागराजन यांच्या 'तिरुविळैयाडल'मध्ये तो स्वतःच शिव झाला. १९७३ च्या 'भक्त तुकाराम'मध्ये पुन्हा शिवाजी महाराज झाला. एका माणसाच्या देहातून आक्षेप, देव आणि भक्त राजा हे तिघेही बोलून गेले. आणि प्रेक्षकांनी तिघांनाही मानले. तमिळ प्रेक्षकाला नास्तिक किंवा भाविक अशा एका खणात घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

'तिरुविळैयाडल'मधील नक्कीराचा प्रसंग मला विशेष विचार करण्यासारखा वाटतो. शिवाने दरिद्री कवी दरुमीला एक कविता दिली. पांड्याच्या सभेत नक्कीराने तिच्यात दोष काढला. प्रत्यक्ष शिव समोर येऊन तिसरा नेत्र उघडावयास सिद्ध झाला, तरी दोष तो दोषच असे नक्कीर म्हणतो. या भूमिकेत स्वतः नागराजन होते, दरुमीच्या भूमिकेत नागेश, आणि हा प्रसंग तमिळ घरांत आजही पाठ आहे. देवाहून सत्य मोठे काय, हा जगातील सर्व धर्मचिंतनाला पडलेला प्रश्न आहे. त्यावर येथे एका गाजलेल्या, गल्लाभरू चित्रपटात हजारो माणसे श्वास रोखून बसली. खेद इतकाच की पुढे सारे लीलेत विरून जाते. चित्रपटाचे नावच मुळी 'पवित्र लीला'. लीला हा थोर सिद्धान्त आहे, परंतु पडद्यावर त्याचा उपयोग बहुधा प्रश्न मिटविण्यासाठी होतो. सारा खेळच होता म्हटले की नक्कीराचे जळणेही खेळ, नंदनाचा अग्नीही खेळ. ज्याला जळावे लागले त्याला विचारल्याखेरीज त्याला खेळ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

याचा अर्थ चमत्कार त्याज्य आहेत असा नव्हे. चमत्काराच्याही दोन जाती आहेत. मदुरेच्या पुराणात वैगईला पूर आला तेव्हा वंदी नावाच्या म्हातारीच्या वाट्याची माती टाकावयास शिव मजूर होऊन गेला, आणि कामचुकारपणाबद्दल राजाने त्याला छडी मारली. तो वळ साऱ्यांच्या पाठीवर उठला, राजाच्याही. आपल्याकडे विठोबा जनीबरोबर दळतो, चोख्याबरोबर ढोरे ओढतो. देव कष्टकऱ्याचे काम करतो एवढ्यावर कथा थांबली तर ते सांत्वन होते; मारणाऱ्याच्या पाठीवर वळ उठला तर ती मीमांसा होते. पहिल्या चमत्काराने प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो, दुसऱ्याने तो आपली पाठ चाचपतो. चित्रपटाचे मूल्यमापन करावयाची ही कसोटी मी सुचवू इच्छितो. कसोटीवर उतरणाऱ्या कृती थोड्या आहेत, पण आहेत. २०१८ च्या पा. रंजित यांच्या 'काला'त रामकथेचे निरूपण चालू असताना धारावीतल्या वस्तीवर हल्ला होतो आणि रावणाच्या बाजूने कथा पाहावयास प्रेक्षकाला भाग पडते. मद्रासहून मुंबईस आलेला तो उलट दिशेचा कीर्तनकारच आहे. त्याचे मत मान्य असो वा नसो, पूर्वरंग आणि आख्यान त्याने एकाच वेळी उभे केले हे मान्य करावे लागते.

भारतीय भाषांच्या अभ्यासकांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. 'पेरिय पुराण' शिकविताना १९४२ चा 'नंदनार' वर्गात दाखवावा. 'भक्तविजय' वाचताना 'संत तुकाराम' आणि 'चक्रधारी' सोबत ठेवावेत. महीपतीने नाभादासाचे काय घेतले हे जसे आपण पाहतो तसेच आठवल्यांनी तुकोबांचे आणि मद्रासने पंढरीचे काय घेतले हेही पाहावे. जुने बोलपट पोथ्यांपेक्षाही नाशवंत आहेत. पोथीला कसर लागली तरी पाने उरतात, फीत गेली की काहीच उरत नाही.

शेवटी तिरुप्पुंकूरच्या नंदीकडे परत येतो. तो आजही देवासमोर सरळ रेषेत नाही, थोडा बाजूस आहे. यात्रेकरूंना तो कौतुकाने दाखविला जातो. देवाने नंदी हलविला, ही शेक्किळारांची साक्ष. भिंत मात्र देवाने हलविली नाही. मदुरेच्या मीनाक्षी मंदिराचा दरवाजा वैद्यनाथ अय्यरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ८ जुलै १९३९ रोजी ओलांडला. पंढरपूरचा १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणाने उघडला. त्याआधी कित्येक शतके चोखोबा नामदेवाच्या पायरीजवळ बाहेरच होते. देवाने काय केले आणि माणसांना काय करावे लागले, यांतील हे अंतर ज्या चित्रपटात दिसते तो ईश्वराविषयी काही बोलला असे मी म्हणेन. ज्यात दिसत नाही त्यात देव कितीही वेळा प्रकट झाला, तरी तो नेपथ्याचाच भाग होय.